सात आया मोजणारी सुरमाकान

सुरमाकानचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठल्याबरोबर ती शिंगरं दोरीला बांधायची. शिंगरू बांधलं की घोडी लांब जात नाही, आणि ते जवळ असल्याशिवाय पान्हाही सोडत नाही. सहाला पहिली धार. मग संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी. एक गुडघा जमिनीवर, दुसऱ्यावर बादली, एक हात घोडीच्या मागच्या पायाला वळसा घालून. अठरा घोड्या. मी त्याच सरकारी घोडेफार्मवर एकतीस वर्षं नाल ठोकले. कष्ट किती आणि देखावा किती, हे मला कळतं. तिच्याएवढं काम आमच्यातले दोघे मिळून करत नव्हते.

आणि तिला घोड्यांची भीती वाटायची.

हे फक्त मला माहीत होतं. ती धार काढत असताना मी शेजारच्या घोडीचे खूर तासत बसायचो. थंडीतही तिच्या मानेवर घाम असायचा. तिचा नवरा ओमुरझाक घोड्यांचा राखणदार होता. एका सकाळी त्याचा घोडा उधळला, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्याने त्याला फरफटत थेट तंबूच्या दारात आणलं. दार तिनेच उघडलं. त्यानंतर अकरा वर्षं ती घोड्यावर बसली नव्हती. कुरण बदलताना आम्ही सगळे घोड्यावर, ती पायी.

मी तिला एजे म्हणायचो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"एजे, लोक हसतात तुला."

"हसू देत. तेवढीच त्यांच्या दातांना हवा लागेल."

या भीतीमुळेच ती घोडा निवडण्यात सगळ्यांच्या पुढे होती. म्हाताऱ्यासाठी, नव्या सुनेसाठी, लहान पोरासाठी घोडा हवा असला की दोन दिवसांच्या वाटेवरून लोक तिच्याकडे यायचे. आमच्यात माणसाला आपले सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ लागतात. घोड्याचं विचारलं तरी लोक बापाचंच नाव सांगतात, कुठल्या शर्यतीत पहिला आला ते सांगतात. सुरमाकान आया मोजायची. सात. "पळणं बाप देतो," म्हणायची, "थांबणं आई देते."

बोझ नावाच्या करड्या घोडीचं घराणं तिचं आवडतं. त्यातल्या एकाही घोड्याने कधी माणूस पाडला नव्हता. तोरू नावाच्या तांबड्या घोडीच्या घराण्याचं नावही ती घेत नसे. ओमुरझाकला फरफटणारा त्यातला होता.

आयांचा हिशोब जुळला तरी ती स्वतः तपासायची. मागे बादली आपटायची, पाठीवर लोकरीचा जाड नमदा फडकवायची, पोटाखालून पलीकडे जायची. भीती असली तरी तपासणी दुसऱ्यावर सोपवत नसे.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी खालच्या गावचा कालमत आला. त्याची बरचिन आठ वर्षांची. तिच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. शाळा नदीपलीकडे, पूल नाही. एक सप्टेंबरला शाळा उघडणार होती.

"एजे, असा घोडा द्या, की आकाश कोसळलं तरी कान हलवणार नाही."

सुरमाकानने पाच वर्षांचा खच्ची केलेला करडा काढून दिला. बादली आपटली, तो हलला नाही. नमदा फडकवला, तरी नाही.

कालमत हसला. "घोडा दिलात की दगड?"

"दगडाच्या आया मला माहीत नाहीत. याच्या माहीत आहेत," ती म्हणाली.

कालमत घोडा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी एक तारीख. सहाची धार संपली होती. मी कुमुश नावाच्या घोडीला नाल ठोकत होतो आणि सुरमाकान तिचं तोंड धरून उभी होती. त्या सकाळी ती खुशीत होती.

"आज पोरगी शाळेत जाणार. कुमुश आणि तो करडा मावसभावंडंच की. त्याची आई बोझ, हिची आई..."

माझा हातोडा थांबला.

"काय झालं?"

"एजे, करड्याची आई बोझ नाही."

पाच वर्षांपूर्वीच्या वसंतात ती हात मोडून नारीन शहरातल्या दवाखान्यात होती. तेव्हा हिमवादळ आलं. बोझचं शिंगरू थंडीने मेलं आणि तोरूच्या घराण्यातली एक घोडी शिंगरू मागे ठेवून मेली. मेलेल्या शिंगराचं कातडं मी सोललं आणि पोरक्याच्या पाठीवर बांधलं. बोझने हुंगलं, आपलं समजलं आणि दूध दिलं. असं आम्ही नेहमी करतो. आणि घोडीने एकदा घेतलं की शिंगराची खरी आई कोण, हे कोणी बोलत नाही. बोललं की दूध आटतं, अशी समजूत. दोन्ही शिंगरांचा बाप एकच, तोही करड्या रंगाचा. रंगही त्याचाच आला. सुरमाकान परत आली तेव्हा तिने बोझला पिणारं शिंगरू पाहिलं आणि तसं मोजलं. मी बोललो नाही.

"कोणाचं होतं?" तिने विचारलं.

"तोरूच्या घरातलं."

तिने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तिने कुमुशच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चढव मला."

चौथा नाल अजून ठोकायचा होता. मी तिला चढवलं. तिने आयाळ दोन्ही मुठींत धरली, डोळे मिटले आणि टाच मारली. मी माझ्या घोड्यावर मागून गेलो. उतारावर खडी होती. प्रत्येक वळणावर ती काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेल्यावर कळलं, ती कुमुशच्या आया मोजत होती. सातपर्यंत जायची आणि पुन्हा पहिलीपासून.

नदीच्या अलीकडच्या काठावर कालमत उभा होता. करडा पाण्याच्या मधोमध, पोटाला पाणी लागलेलं. वर बरचिन, लहान मुलांच्या खोगिरात, पुढे-मागे उंच फळ्या आणि कमरेला व मांड्यांना पट्टे. पायात जोर नसलेल्या मुलीला बांधणारच. घोडा उधळला तर ती सुटणार नव्हती.

"एजे!" कालमतने हात हलवला. "आलात होय बघायला? बघा की, कसा खांबासारखा उभाय!"

"ओरडू नकोस."

"अहो, पण..."

"तोंड बंद कर, कालमत."

मी पाहिलं. पलीकडच्या वाळुंजाच्या फांदीला गवताच्या गंजीवरचं फाटकं प्लास्टिक अडकलं होतं. वारा आला की ते फुगायचं आणि पडायचं. करड्याचे कान त्यावर रोखलेले. मान ताठ. डोळ्याची पांढरी कड दिसत होती. नाकपुड्या उघड्या, पण हलत नव्हत्या.

"त्याने श्वास धरलाय," सुरमाकान खाली उतरत म्हणाली. "काल माझ्यापुढेही असाच उभा होता. मी नाकाकडे बघितलंच नाही. आया मोजल्या म्हणून निर्धास्त राहिले."

तिने कुमुशचा लगाम धरला आणि पाण्यात शिरली. पाणी बर्फाचं. ती धारेच्या वेळची हाक घालू लागली, "कुरू, कुरू, कुरू." हाक कापत होती, पण थांबली नाही. मी प्रवाहाच्या खालच्या बाजूने पाण्यात उतरलो.

"आजी, मी हलू का?" बरचिनने विचारलं.

"नाही, बाळ. तू पण दगड हो."

"हा मघापासून आतून थरथरतोय. बाबांना सांगितलं, ते म्हणाले थंडी."

सुरमाकानने कुमुशला करड्याच्या आणि त्या प्लास्टिकच्या मधे आणून उभं केलं. कुमुश तीन नालांवर निवांत उभी राहिली आणि पाणी प्यायला लागली. करड्याच्या नाकपुडीतून थोडा श्वास सुटला. सुरमाकानने सुरी काढली. कमरेचा पट्टा कापला. डाव्या मांडीचा कापला. उजवा पलीकडच्या बाजूला होता. जायला दोन वाटा, तोंडापुढून किंवा शेपटीमागून. ती पोटाखालून गेली, पाण्यात बुडी मारून, तपासणीच्या वेळी जायची तशी. पलीकडे वर आली, पट्टा कापला, पोरगी ओढून माझ्या अंगावर टाकली.

तेवढ्यात वारा आला.

करडा उभाच्या उभा वर उठला आणि खाली आला तो तिच्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी पाण्याच्या आवाजातून ऐकला. मग तो पलीकडच्या काठावरून वर गेला, रिकामं खोगीर पोटाखाली लोंबत, दगडांवर आपटत. खोगीर आम्हाला नंतर सापडलं. त्याची मोठी फळी माझ्या तळहाताएवढी उरली होती.

कालमतने तिला उचलून बाहेर आणलं. तो रडत होता. "एजे, मी त्याला दगड म्हणालो हो."

"मीही तेच समजले," ती म्हणाली. मग शुद्ध गेली.

खुबा मोडला होता. हिवाळाभर ती माझ्याशी बोलली नाही. मी लाकडं फोडून दारात रचायचो, ती आत घ्यायची, एवढंच. वसंतात काठी टेकत लोहारखान्यात आली.

"कातडं पांघरलेली सगळी नावं सांग."

मी सांगितली. चार निघाली. एकाही घोडीचं दूध आटलं नाही. सुरमाकान पुन्हा धारेला बसू लागली, मोडका पाय बाजूला पसरून. पहाटे चारलाच. मानेवरचा घाम तसाच होता.

ओमुरझाकच्या थडग्यावर विटांचा घुमट बांधायचा, म्हणून ती अकरा वर्षं पगारातून पैसे मागे टाकत होती. विटा भाजणाऱ्याशी बोलणंही झालं होतं. त्या पैशांत तिने फार्मकडून कुमुश विकत घेतली आणि कालमतच्या अंगणात नेऊन बांधली. नव्या खोगिराचे पट्टे तिने स्वतः काढले आणि त्याजागी एका ओढीत सुटणारी गाठ घातली. बरचिनकडून ती दहादा सोडवून घेतली. ओमुरझाकच्या थडग्यावर आजही नुसती माती आहे.