लेकीच्या प्रोग्राममधल्या टिपा

आमच्या घरात गोष्टी सांगायचा ठेका माझ्याकडे आहे. जेवणं झाली की मंडळी माझ्याकडे तोंड करून बसतात. ही यंदाची गोष्ट मात्र मी लग्नाकार्यात काढत नाही.

चिखलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवायचो. प्रोग्राममध्ये माणसांसाठी टिपा लिहितात, त्यांना कमेंट म्हणतात. मशीन त्या सोडून देतं. पद्धती दोन. दोन तिरप्या रेघा मारल्या की ओळ संपेपर्यंत टीप. नाहीतर रेघ-चांदणीनं (/*) उघडायची आणि चांदणी-रेघेनं (*/) बंद करायची. मी चांदणीवाला. नुसत्या रेघा मला बिनकाठाच्या लुगड्यासारख्या वाटायच्या.

लेकीला पुण्याच्या एका कंपनीत निवडीसाठी प्रोग्राम पाठवायचा होता, पाचच्या आत. ती चहा करायला उठली आणि मी तिच्या खुर्चीत बसलो. जिथं तिथं रेघा! एकेक टीप धरून मी तिला चांदण्या लावल्या.

"बाबा, काय करून राह्यले?"

"टिपा नीट करून राह्यलो. साहेबाले वाचाले बरं वाटते."

"मंग आता पुन्हा चालवून पाहा लागन."

"काऊन? टिपेनं प्रोग्राम बदलते का कुठं? जिंदगी गेली माही शिकवण्यात!"

लाईन गेलेली, बॅटरी संपत आलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाठवून दिला.

तिनं प्रोग्रामचा एक नको असलेला तुकडा, मशीननं सोडून द्यावा म्हणून, चांदण्यांत बंद करून ठेवला होता. त्याच्या पोटातही तिच्या बारक्या टिपा होत्या. त्यांनाही मी चांदण्या लावल्या. बंद करायची पहिली खूण दिसली की मशीनच्या लेखी टीप संपते, मग खूण कोणाची का असेना. माझ्या खुणेनं कुलूप उघडलं, नको ते बाहेर आलं आणि तिकडे कंपनीत प्रोग्राम सुरूच झाला नाही. 'टिपेत टीप घालू नका' असं प्रत्येक बॅचला ओरडून सांगणारा मीच.

कंपनीचा नकार आला. लेकीनं प्रोग्राम उघडला, ती जागा पाहिली, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. 

"काय झालं वं?" आतून तिची आई.

"काही नाही आई. माह्याच हातानं गडबड झाली."

मी स्वयंपाकघरात गेलो. "तिनं नाही, मी केलं."

"मले माहीत हाये," बायको भाकरी थापत म्हणाली. "दुसऱ्याच्या ताटात हात घालाची सवय तिले नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीनं नव्या कंपनीसाठी अर्ज केला आणि लॅपटॉपला पासवर्ड टाकला. मी तो विचारला नाही.