चौऱ्याऐंशीवर थांबलेला आकडा

त्यांना सगळे काटेवाले म्हणत. गाड्यांच्या मीटरमधले अडकलेले, वाकलेले, थरथरणारे काटे दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. काट्यांची मीटरं बंद होत गेली तशी गिऱ्हाइकंही आटली. दुसरा कुणी असता तर शटर ओढून घरी बसला असता. काटेवाले तसे बुजरे, चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. पण हाताला काम नसलं की जीव कासावीस व्हायचा. म्हणून साठी उलटल्यावर, चष्मा सावरत, व्हिडिओ बघून बघून त्यांनी नवी विद्या गळी उतरवली. नखाएवढी चिप, काडेपेटीएवढा पडदा, थोडा प्रोग्रॅम. जुन्या गाड्या हौसेनं नव्यानं बांधणाऱ्या लोकांसाठी ते घरच्या घरी आकड्यांची मीटरं करू लागले. वेग, तेलाचा दाब, टाकीतलं पेट्रोल, इंजिनाचं तापमान. डॅशबोर्डची पट्टी स्वतः कापायची, पडद्यांची भोकं कानशीनं घासून नेमकी बसवायची आणि मागच्या वायरी वेणीसारख्या गुंफायच्या. बायको म्हणायची, माझ्या केसांना कधी एवढ्या मायेनं हात लावला नाहीत.

गिऱ्हाईक आणून द्यायचे त्यांचे साडू. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, इंजिन बांधणारे मिस्त्री. दोघांचं वय सारखं, स्वभाव मात्र दोन टोकांचे. मिस्त्री गॅरेजमध्ये बोलायला लागले की शेजारच्या चहावाल्याला रेडिओ लावायची गरज पडत नसे. काटेवाल्यांना ते चेष्टेनं ‘काटेराव’ म्हणत आणि गिऱ्हाइकाला सांगत, ‘इंजिन मी बांधतो, पण त्याला वाचा हा देतो. हा स्वतः बोलत नाही ना, म्हणून याची मीटरं बोलतात.’

दातांच्या डॉक्टरांची गाडी याच दोघांनी मिळून केली. डॉक्टरांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या एका गाडीचा सांगाडा आणला होता. मिस्त्रींनी त्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन उतरवलं, काटेवाल्यांनी डॅशबोर्ड केला. सगळं मनासारखं झालं, फक्त तापमानाचा आकडा स्वस्थ बसेना. ऐंशी, मग एकदम शून्य, मग तीनशे, पुन्हा ऐंशी. प्लगच्या ठिणग्यांचा त्रास वायरीतून आत शिरत होता. काटेवाल्यांनी दोन दिवस वायरी बदलून, जाळी गुंडाळून पाहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हसत हसत म्हणाले, ‘आकडे फार नाचतात हो. मला शांत हवेत.’ काटेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली. आलेला आकडा वेडावाकडा असेल तर तो दाखवायचा नाही, आधीचा शहाणा आकडा तसाच ठेवायचा, गाडी बंद करून पुन्हा चालू केली तरी. नाच थांबला. डॉक्टर खूश झाले. नाच कशामुळे होता ते मात्र तसंच राहिलं, आणि काटेवाल्यांना ते मनातून ठाऊक होतं. ती ओळ त्यांना इतकी सोयीची वाटली की नंतरच्या चार गाड्यांतही त्यांनी तीच टाकली.

पाच महिन्यांनी डॉक्टर बायकोला घेऊन घाटाच्या रस्त्यानं निघाले आणि अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं. गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. त्यांना कुठं लागलं नव्हतं, पण एका वळणावर गाडी उलटी सरकली होती आणि डॉक्टरांच्या बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग अजून परतला नव्हता. डॉक्टर आवाज चढवणारे नव्हते, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं. ते मिस्त्रींना म्हणाले, मी सगळा वेळ मीटरकडं बघत होतो. चौऱ्याऐंशी होतं. चौऱ्याऐंशीला इंजिन जळत नाही. म्हणजे आतच कुठंतरी कमीजास्त झालं असणार.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. पंख्याची मोटर जळालेली, पाण्याचा थेंब नाही, पिस्टन सिलिंडरला चिकटलेले. गॅरेजमधला वेल्डर म्हणाला, हे तर सरळ तापून मेलंय. मिस्त्री बराच वेळ पिस्टनवर बोट फिरवत राहिले.

‘तापलं असतं तर मीटरनं सांगितलं असतं,’ ते म्हणाले. ‘माझ्या साडूचं मीटर खोटं बोलत नाही. माझ्याच हातून पिस्टनभोवतीची फट कमी राहिली असेल. बाकीचं मागनं जळालं.’

काटेवाले तेव्हा तिथंच, बॉनेटवर वाकून उभे होते. डॅशबोर्ड सोडवायला आले होते. तापमानाच्या सेन्सरची क्लिप त्यांना दिसली. ती जागेवर नव्हती. हादऱ्यांनी निसटून बाजूला लोंबत होती, आणि तिच्या तोंडावर धूळ बसलेली होती. म्हणजे ती आज निसटलेली नव्हती. आणि त्यांच्या बोटांनी, डोक्याला काही कळायच्या आत, ती क्लिप उचलली, अंगठ्यानं पुसली आणि जागेवर दाबून बसवली. टक्‌ असा आवाज झाला. तो दुसऱ्या कुणी ऐकला नाही.

दुपारी घरी त्यांनी पडदा बॅटरीला जोडला, किटलीत पाणी तापवलं, तसाच दुसरा सेन्सर पाण्यात सोडला. आकडा चढत चढत चौऱ्याऐंशीवर आला तशी त्यांनी वायर ओढून काढली. किटली पुढं खळखळू लागली. पडद्यावर चौऱ्याऐंशी. त्यांनी पाणी मोरीत ओतलं, किटली गार होईपर्यंत समोर बसून राहिले. पडद्यावर चौऱ्याऐंशीच. सुटलेल्या वायरीचा वेडावाकडा आकडा त्यांची ओळ दाराबाहेर उभा करत होती आणि आत जुनाच आकडा पाहुण्यासारखा बसवून ठेवत होती.

लगेच जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मग ठरवलं, उद्या. उद्या गॅरेजमध्ये माणसं होती. परवा मिस्त्रीच आले नाहीत. आपण क्लिप पुसली, बसवली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं, इथं येऊन त्यांची गाडी अडायची. चूक सांगता आली असती कदाचित. अंगठ्यानं पुसलेली धूळ सांगता येत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मेहुणी घरी आली. स्वयंपाकघरात दोघी बहिणी हलक्या आवाजात बोलत होत्या, पण भिंत पातळ. मिस्त्री गॅरेजला जात नाहीत. दोन इंजिनं दुसऱ्याकडं पाठवून दिली. जेवायच्या टेबलावर पेपर पसरून तो जळका पिस्टन मोजत बसतात, लिहितात, खोडतात, पुन्हा मोजतात. म्हणतात, हात गेले माझे. मेहुणी गेल्यावर बायको बाहेर येऊन म्हणाली, ‘तुम्ही जाऊन बोला ना जरा त्यांच्याशी. तुमच्यावर त्यांचा केवढा विश्वास आहे.’

काटेवाल्यांनी मान हलवली. चप्पल घालताना त्यांना पट्टा सापडेना.

पिशवीत पडदा, बॅटरी आणि सेन्सर घेऊन ते मिस्त्रींच्या दारात उभे राहिले. मेहुणीकडं किटली मागितली. ती म्हणाली, चहा मी करते की. ते म्हणाले, चहासाठी नको. टेबलावरचा पिस्टन बाजूला सारून त्यांनी सगळं मांडलं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून नुसतं करून दाखवलं. आकडा चढला. वायर काढली. आकडा थांबला. पाणी उकळून झाकण उडायला लागलं तरी थांबलेलाच राहिला.

मिस्त्री आकड्याकडं पाहत राहिले. मग किटलीकडं. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाचं गप्प बसणं काटेवाल्यांना सोसवेना, म्हणून उरलेलंही त्यांनी एका दमात सांगून टाकलं. क्लिप लोंबत होती. धूळ होती. मी पुसली आणि बसवली.

‘कधी कळलं तुला?’

‘त्याच दिवशी.’

मेहुणी दारात उभी होती, तीच म्हणाली, ‘भाऊजी, हा माणूस तीन आठवडे धड जेवलेला नाही.’ तिनं किटलीचं बटण बंद केलं आणि आत गेली.

‘चल,’ मिस्त्री उठत म्हणाले. ‘डॉक्टरकडं. सांगायचं तू.’

दवाखान्यात पेशंटच्या तोंडात नळी होती आणि डॉक्टरांच्या हातात यंत्र. काटेवाल्यांना तिथली माणसं बाहेर थांबा म्हणत होती, पण बाहेर थांबलो तर पाय परत फिरतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. खुर्चीतला माणूस आ वासून सगळं ऐकत होता. बिचाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. ‘म्हणजे मी शांत आकडे मागितले, म्हणून हे झालं?’

डॉक्टरांनीच एक दार उघडं करून दिलं होतं. काटेवाल्यांना त्यातून सहज निसटता आलं असतं.

‘तुम्ही शांत आकडा मागितला होता,’ ते म्हणाले. ‘खोटा नव्हता मागितला.’

डॉक्टर मिस्त्रींकडं वळले, हातमोज्यासकट हात जोडले आणि आपण बोललो ते चुकलं म्हणाले. मिस्त्रींनी नुसती मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, बाकीच्या गाड्यांत काय आहे. काटेवाले म्हणाले, चारीत तीच ओळ आहे. मिस्त्रींनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं.

दोन दिवस लागले. मिस्त्री गाडी चालवायचे, काटेवाले मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. कामापुरतं बोलणं, पुढचं वळण डावीकडं का उजवीकडं, एवढंच. पहिले तिघे समजूतदार निघाले. काटेवाल्यांनी ती ओळ काढली, वायर तुटली तर पडद्यावर आडव्या रेघा याव्यात आणि शिटी वाजावी असं केलं. चौथा मालक मात्र ऐकेना. त्याला शिटी नको होती, नाचणारे आकडे तर मुळीच नको होते. ‘अहो काका, चार महिन्यांत तक्रार नाही. आहे ते झकास आहे. उगाच कशाला हात लावता?’ मालकाची बायको तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन गाडीपाशी उभी होती. एरवी काटेवाले पिशवी उचलून माघारी फिरले असते. त्यांनी मालकाला गाडी चालू करायला लावली, बॉनेट उघडलं आणि क्लिप उपटून त्याच्या हातात ठेवली.

‘आता बघा आत. किती दिसतंय?’

‘एकोणऐंशी.’

‘कशाचं एकोणऐंशी? वायर तर तुमच्या हातात आहे.’ आवाज इतका चढला की त्यांचे तेच दचकले. ‘खाली आग लागली तरी हे एकोणऐंशीच दाखवेल. हे मी केलंय. मला काढू द्या.’

मालकाच्या बायकोनंच डॅशबोर्डकडं बोट केलं. काढा म्हणाली.

परतताना उजेड अजून होता. काटेवाल्यांना वाटलं, आता मिस्त्री काहीतरी बोलतील, एखादी शिवी घालतील, ‘काटेराव’ म्हणतील. मिस्त्री बोलले ते एका सिग्नलला थांबल्यावर, समोर बघत.

‘मीटर चुकलं त्याचं काही नाही रे. माझी इंजिनं काय कमी चुकलीत? पण माझ्या घरी येऊन, त्या पिस्टनसमोर बसून चहा प्यायलास तू. दुसऱ्या आठवड्यात. मी तुला विचारलं, माझे हात थरथरतात का बघ. तू बघितलंस आणि नाही म्हणालास.’

काटेवाले त्या दिवशी खरंच नाही म्हणाले होते, आणि हात थरथरत नव्हते हे खरंही होतं. तेवढंच बोलून चहा संपवून ते उठून आले होते. सिग्नल सुटला.

बायको फाटकापाशीच होती. तिनं खिडकीत वाकून मिस्त्रींना आत बोलावलं, चहा टाकलाय म्हणाली.

‘आज नको, ताई,’ मिस्त्री म्हणाले. ‘गॅरेजला जायचंय. कामं साचलीत.’

गाडी वळून दिसेनाशी झाली. बायकोचा चेहरा उजळला होता. गेले ना गॅरेजला, ती म्हणाली, तुम्ही बोललात म्हणूनच गेले. मला ठाऊक होतं, तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. काटेवाले पिशवी खाली न ठेवता पायरीवर बसले आणि तिलाही बस म्हणाले. मग, ती बसायच्या आत, त्यांनी क्लिपपासून सुरुवात केली.