ऑर्डेल थीलनची मुकी घंटा

ऑर्डेल थीलन आमच्या सेंट ओडिलो गावच्या बेसबॉल संघाची स्कोअरर. एकेचाळीस उन्हाळे तिने ती वही लिहिली, त्यातले बावीस मी तिच्या शेजारी बसून काढले. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो आणि धाव पुरी होते त्या जागेच्या, मागे खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, वर पत्रा, शिडी चढून जायचं. आत एक टेबल, तीन खुर्च्या, माझा माईक आणि छताला गांधीलमाश्यांचं पोळं. मी खेळाडूंची नावं पुकारतो. पोटापाण्यासाठी दुधाचा टँकर चालवायचो, त्यामुळे आवाज मोठा आणि कान अर्धे गेलेले. ऑर्डेल नेहमी माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायची. पण बोलायची काय, कपाळ! डावाला दोन वाक्यं.

ती गावच्या पोस्टात होती. कोणाला कुठून पत्र येतं, कोणाचं यायचं बंद झालं, सगळं तिला ठाऊक. एक अक्षर कधी बाहेर आलं नाही. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "रविवारी मोकळी असते कुठे मी?"

स्कोअररची खोली म्हणजे तिच्या दृष्टीने चर्चच. तिथे टाळी नाही, ओरडणं नाही, "अरे पळ की गाढवा" नाही. स्कोअरर दोन्ही संघांचा, असं तिचं म्हणणं. मी नवा होतो तेव्हा आमच्या एकाने चेंडू कुंपणापार मारला आणि मी उठून टाळ्या वाजवल्या. तिने वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"लिओ, ताप आलाय का तुला?"

"नाही."

"मग बस खाली."

मी बसलो. बावीस वर्षं बसूनच होतो म्हणा ना.

आता अशी बाई, आणि सगळ्या गावात तिच्याइतकी वेडी दुसरी नव्हती. संघ हरला की सोमवारी पोस्टाच्या खिडकीत तिचं तोंड बघून कळायचं, वर्तमानपत्र घ्यायची गरज नाही. आणि तिच्या खुर्चीखाली घंटा होती. गाईच्या गळ्यातली, पितळेची, चांगली डोक्याएवढी, तोंडात फडक्याचा बोळा घट्ट कोंबलेला.

तिची गोष्ट अशी. आमच्या तळ्याभोवतीच्या आठ गावांची लीग. सेंट ओडिलोने ती एकदाच जिंकली, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा ऑर्डेल अकरा वर्षांची होती आणि नेमका त्याच आठवड्यात तिला गोवर आला. अंतिम सामन्याच्या दिवशी सगळं घर मैदानावर, आणि ही पडदे ओढलेल्या खोलीत एकटी. संध्याकाळी गाड्यांचे भोंगे ऐकू आले, मग घंटा. वडील गोठ्यातल्या म्होरक्या गाईची घंटा घेऊन गेले होते, ती वाजवत रस्त्याने चालत आले. तिच्या खाटेजवळ बसून त्यांनी घंटेत फडकं कोंबलं. म्हणाले, "पुढच्या वेळी तू वाजवायची."

पुढची वेळ कुठे आली? वडील गेले, गाई गेल्या, गोठा विकला. घंटा मात्र दर एप्रिलमध्ये शिडी चढून वर यायची आणि सप्टेंबरात तशीच खाली जायची. आठही गावांना ती माहीत होती. बाहेरगावचे स्कोअरर आले की पहिला टोमणा ठरलेला, "काय ऑर्डेल, गाय अजून उपाशीच का?" सगळ्यांत खवट ब्रूनरबर्गचा आल्विन ब्रुख. त्यांनी लीग सात वेळा जिंकली होती, त्याला जीभ चालवायला काय जातं!

त्या सप्टेंबरात अंतिम सामना आमच्याच मैदानावर आला, समोर ब्रूनरबर्ग. रविवारची दुपार. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर लोकांनी घरी जाऊन कपडेसुद्धा बदलले नाहीत, फादरपासून सगळे थेट कुंपणाला येऊन चिकटले. ज्यांच्या घरचं मका उकडायचं पातेलं सर्वांत मोठं त्यांनी ते आणलं, सॉसेजचा धूर आमच्या खोलीत. आल्विन तिसऱ्या खुर्चीवर, त्यांच्या संघाची वही मांडीवर. अधिकृत वही यजमानांची, म्हणजे ऑर्डेलची. पाहुण्यांचा स्कोअरर आपली वेगळी लिहितो आणि शंका आली की हिच्यातून उतरवून घेतो, अशी पद्धत.

सामना काय सांगू? नववा आणि शेवटचा डाव. ब्रूनरबर्ग चार, आम्ही तीन. आमची फलंदाजी, दोन बाद, दोघे बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर थांबलेले. एक बाद आणि खेळ खलास. एक चांगला फटका आणि लीग आमची.

दुसरा गडी बाद झाला तसा आल्विन उठला. "मी खाली जातो. फोटो काढतील, त्यात असावं म्हणतो." वही उघडी टाकून, पेन्सिल कानावर ठेवून शिडी उतरायला लागला. एक गडी बाकी असताना फोटोला निघालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ऑर्डेल म्हणाली, "पायरी मोडकी आहे, जपून."

मग आमचा काइल नांगर उचलल्यासारखी बॅट खांद्यावर घेऊन आला. शाळेत गणित शिकवतो, चांगला मारतो. मी माईकवर त्याचं नाव पुकारलं. लोक ओरडले. आणि शेजारी पेन्सिलचा आवाज थांबला.

मी बघितलं. ऑर्डेलने बोट एका ओळीवर ठेवलं होतं. फलंदाजीच्या ठरलेल्या क्रमातल्या सहाव्या ओळीवर, आणि तिथे नाव होतं नॉर्बर्टचं. काइलचं नाव होतं नवव्या ओळीत.

भानगड अशी झाली होती. आधीच्या डावात आमच्या सिलने, म्हणजे संघ चालवणाऱ्या तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, एकाच वेळी दोन गडी बदलले. पंचाला सांगितलं, नॉर्बर्ट सहावा, काइल नववा. बाकावरच्या स्वतःच्या कागदावर लिहिताना उलटं लिहिलं. सिल नेहमी तोंडात सूर्यफुलाच्या बिया, एका हातात कागद आणि एका हातात बॅट असं लिहितो, दुसरं काय होणार? पाळी नॉर्बर्टची होती आणि उभा होता काइल.

क्रम मोडून आलेल्याने फटका मारला आणि समोरच्यांनी ते पंचाला दाखवलं, तर धावा रद्द आणि ज्याची पाळी चुकली तो बाद. म्हणजे आम्ही हरलो. फटका बसायच्या आत आम्हीच चूक सुधारली आणि नॉर्बर्टला उभं केलं, तर काहीच दंड नाही. सिल आमच्यापासून वीस पावलांवर होता. मी खिडकीतून नुसतं "अरे सिल" म्हणालो असतो तरी काम झालं असतं.

मी तोंड उघडलं. ऑर्डेलने माझ्या बुटावर पाय ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला.

"माईक बंद कर."

"अगं, पण तो..."

"मला दिसतंय तो कोण आहे."

"सिलला नुसतं सांगू दे मला! तुझा भाऊ आहे तो!"

"स्कोअररने बोलायचं नसतं. नियम आहे. या खोलीतून कोणीच बोलायचं नसतं. ना त्यांना, ना आपल्याला."

"अठ्ठेचाळीस वर्षं, ऑर्डेल!"

"मोजता येतात मला," ती म्हणाली. पेन्सिल तिने दोन्ही हातांनी धरली होती.

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! शिडीवरून खाली ढकलावी असं वाटलं, देवाशपथ. पण पाय तिने हलवला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही ओरडलो नाही.

तिसऱ्या चेंडूवर काइलने तो उजवीकडच्या कुंपणापर्यंत हाणला. एक धाव आली. दुसरा गडी धुळीत लोळत होम प्लेटवर पोचला. पाच-चार.

खाली जे झालं ते मी बघितलं खरं, पण काचेपलीकडचं बघावं तसं. माणसं कुंपण ओलांडून आत घुसली. आमची माणसं अशी की मुलगी नवरी झाली तरी "वाईट नाही" म्हणतील. तीच एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. सिलच्या डोक्यावर कोणीतरी बर्फाच्या पाण्याची बादली उपडी केली. फादरने टोपी हवेत उडवली, ती ब्रूनरबर्गच्या बाकावर जाऊन पडली.

ऑर्डेल लिहीत होती. सहाव्या ओळीत, जिथे तो फटका खरोखर झाला तिथे, तिने स्वच्छ अक्षरात 'काइल' लिहिलं. नवव्या ओळीत लिहिलं असतं तर बाहेरच्या कोणालाही काही कळलं नसतं. शिडी वाजली. आल्विन वर आला. तोंड पडलेलं, नाक लाल.

"शेवटचं काय झालं? उतरवून घेतो."

खाली पंच अजून मैदानातच होते, पाणी पीत. ते मैदान सोडेपर्यंत तक्रार चालते. मी ऑर्डेलकडे बघितलं. म्हटलं, आता काहीतरी बोल, अजून बेरीज चाललीये म्हण, पाच मिनिटांनी ये म्हण. तिने वही फिरवली आणि त्याच्यापुढे सरकवली. उघडी. सहावी ओळ बरोबर त्याच्या नाकाखाली.

आल्विन उतरवून घेत होता. त्याची पेन्सिल सहाव्या ओळीवरून गेली. त्याने बाहीने डोळे पुसले, वही मिटली, म्हणाला, "चांगला फटका होता," आणि गेला. पंचही गेले. त्यांच्या गाडीची धूळ रस्त्यावर बसेपर्यंत ऑर्डेल खिडकीतून बघत होती.

"आता तरी वाजव," मी म्हणालो.

तिने खुर्चीखालून घंटा काढली, मांडीवर घेतली, फडक्याचं टोक चिमटीत धरलं. मग सोडून दिलं.

"आज नको."

"जिंकलोय आपण! तक्रार नाही म्हणजे सगळं कायदेशीर, तूच सांगतेस ना?"

"हो, कायदेशीर आहे."

"मग?"

"तो फटका बसला तेव्हा सगळं गाव चेंडूकडे बघत होतं, लिओ. मी त्यांच्या बाकाकडे बघत होते. कोणी उठतंय का म्हणून. मला चेंडू दिसलाच नाही." एवढं बोलून ती शिडी उतरली, घंटा तशीच मुकी, बगलेत.

सिलला तिने त्याच आठवड्यात सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही, मग म्हणाला, "कोणाला सांगू नकोस," आणि ही म्हणाली, "मी कधी कोणाला काय सांगितलंय?" गावात मिरवणूक निघाली, बारमध्ये काचेच्या कपाटात चषक आणि शेजारी तिची वही, त्याच पानावर उघडून. लोक येत, बघत, "वाह, ऑर्डेलचं अक्षर!" म्हणत. वाचत कोणी नसे. बेसबॉलची वही वाचणारी माणसं आता उरलीत किती? पोस्टाच्या खिडकीत लोक तिचं अभिनंदन करायचे. ती म्हणायची, "वाईट नाही." मला तिचा तेव्हाही राग यायचा, आता कीवही यायला लागली होती.

फेब्रुवारीत एका सुटीच्या सकाळी दहाच्या सुमारास मी दारासमोरचं बर्फ ओढत होतो. आमची घरं समोरासमोर. थंडी अशी की नाकातले केस कडक होतात. आणि घंटा वाजली. मला आधी वाटलं कोणाची तरी गाय सुटली. मग आठवलं की गावात गाय उरलेली नाही.

ऑर्डेल ओट्यावर उभी होती. पायांत घरातल्या सपाता, अंगात झोपायचा झगा, त्यावर पोस्टाचा कोट. एका हातात टेलिफोनचा रिसीव्हर, त्याची वायर दारातून ताणून बाहेर आलेली. दुसऱ्या हाताने ती घंटा वाजवत होती. नुसती वाजवत नव्हती, बडवत होती.

"लिओ!" ती ओरडली. साठीला टेकलेली बाई, मी तिला ओरडताना पहिल्यांदाच ऐकत होतो. "आल्विन आहे! आल्विन ब्रुख!"

आल्विन हिवाळ्यात बसून सगळ्या उन्हाळ्याच्या वह्या शाईने पुन्हा लिहून काढतो. त्या सकाळी तो सप्टेंबरपर्यंत पोचला होता. त्याने फोनवर काय म्हटलं ते तिने मला नंतर सांगितलं, शब्द न् शब्द.

"ऑर्डेल, सहावी ओळ."

"हो."

"तुला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"आणि तू वही माझ्या हातात दिलीस. पंच उभे असताना."

"तू मागितलीस."

त्याने पलीकडे वहीची पानं उलटली, तिला ऐकू आलं. मग म्हणाला, "एक गडी बाकी असताना मी फोटोला गेलो. छप्पन्न वर्षांत हे पहिल्यांदाच केलं. हरलो ते माझ्या मूर्खपणाने. तुम्ही जिंकलात ते जिंकलात." आणि वर, "घंटा वाजवलीस ना गं?"

"नाही."

"नाही? अगं बाई, वाजव की! आठ गावं त्या घंटेची वाट बघून म्हातारी झाली. आत्ता वाजव, मला ऐकू दे."

मी फावडं टाकलं आणि रस्ता ओलांडून तिच्या ओट्याशी गेलो. ती अजून वाजवत होती. फडकं पायरीवर पडलेलं, वर्षानुवर्षांच्या घड्यांनी कडक झालेलं. समोरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर यायला लागली. "काय झालं? काय झालं?"

"जिंकलो आपण!" ऑर्डेल त्यांना ओरडून सांगत होती. "सेंट ओडिलो जिंकलं! पाच-चार!"

रिसीव्हरमधून आल्विनचा आवाज मला माझ्या वाईट कानानेसुद्धा ऐकू येत होता. तो म्हणत होता, "अजून जोरात."