मे महिन्यातलं अर्थिंग

चंदा राठोड इंझोरीजवळच्या तांड्यातली. आयटीआय करून ती वायरमन झाली आणि सहा वर्षांपासून वाशीमच्या दौलतसिंग ठेकेदाराकडे अर्थिंग तपासायचं काम करते. आभाळातली वीज इमारतीवर पडली, तर तांब्याच्या पट्टीवाटे उतरून ती जमिनीत जिरली पाहिजे. जमीन तिला किती अडवते ते यंत्रावर मोजायचं. आकडा दहा ओहमच्या आत असला की काम पास.

तांड्यातल्या शाळेवर मागच्या सप्टेंबरात वीजरोधक बसवला, तेव्हा तिनंच मोजलं होतं. चार ओहम. पण तिकडे विजा जास्त पडतात त्या मृगाच्या आधी, जमीन कोरडीठाक असताना. हे तिच्या मनातून जाईना. म्हणून मे महिन्यात सुटीवर घरी आली तेव्हा ती यंत्र सोबत घेऊनच आली.

काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. आकडा आला एकेचाळीस. यंत्राचे खिळे नीट रुतले नसतील म्हणून तिनं ते दहा पावलं सरकवले. बावन्न. शाळेच्या मागच्या बाजूला एकोणतीस. एकच जमीन, आणि दर खेपेला वेगळीच.

मुख्याध्यापक प्रसेनजित गुरुजी शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, असं काहून?

"गुरुजी, माती काही तांब्याची तार नाही," चंदा म्हणाली. "कणाकणाले जी ओल धरून राह्यते, तिच्यातून करंट वाट काढत जाते. ओल गेली, भेग पडली, का वाट तुटते."

"मंग आता वीज पडली त?"

चंदानं खिळे उपटले आणि पुसत बसली.

दौलतसिंगला फोन केला तर तो म्हणाला, दोन ड्रम पाणी ओत, अन् मंग मोज. तिनं ओतलं. सात आले. शाळेचं काम कागदावर अजून पास व्हायचं होतं, म्हणून तिनं नव्या फॉर्मवर सात लिहिले आणि बाजूला लिहिलं: पाणी ओतून, कोरड्यात एकेचाळीस. चार दिवसांनी वाशीमच्या कार्यालयातून फॉर्म परत आला, वर शेरा: बाजूचा मजकूर काढून द्या.

ती एसटीनं वाशीमला गेली. कार्यालयातल्या बाबूनं सगळं शांतपणे ऐकलं. नियमात दहा ओहम लिहिलेत, महिना लिहिलेला नाही, एवढंच तो म्हणाला. तिचं डोकं फिरलं ते याच्यानंच. खोटं कोणीच बोलत नव्हतं, भांडावं तरी कोणाशी?

परत येऊन तिनं आणि गुरुजींनी सब्बल घेऊन दुसरा खड्डा खणायला घेतला. चार फुटांवर मुरूम लागला. त्याच्याखाली खडकावर आपटून सब्बल उडायला लागली. तरी सहा फूट नेलं, दुसऱ्या कामावरची उरलेली पट्टी जोडली, कोळसा आणि ओल धरणारी माती भरली. तीन दिवसांनी मोजलं: सोळा. तिनं अजून घागरभर पाणी घातलं, पुन्हा मोजलं, आकडा दहाच्या वरच; मग यंत्र पेटीत आदळलंच.

दौलतसिंगनं तिकडे सप्टेंबरचा जुना फॉर्म लावून टाकला होता. काम पास झालं.

"मी मोजलेलं खोटं हाय का?" तिनं फोनवर विचारलं.

"खोटं नाही, चंदा. पण ते कोणी मागतलं होतं?"

सुटी संपली आणि ती कारंजा गावातल्या कामावर गेली. गुरुजींना सांगून गेली, रोज दोन घागरी खड्ड्यात ओतत जा. शाळेचा हँडपंप तेव्हा आटला होता. पाणी गुरुजींना घरूनच आणावं लागणार होतं. ते ओततात का, हे तिनं अजून विचारलेलं नाही.