पत्रूभाऊंचा डावा स्पीकर

कुठल्याही नव्या खोलीत पाऊल टाकलं की पत्रूभाऊ आधी एक टाळी वाजवतात. टाळी परत येते का, ते ऐकतात. मगच बसतात.

दोरी असो, चार्जर असो, पायजम्याची नाडी असो, कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळतात. वायरला पीळ बसू नये म्हणून लागलेली सवय.

लग्नाच्या जेवणात डीजेपासून सगळ्यात लांबची पंगत धरतात आणि तिथून डीजेच्या चुका काढतात.

टीव्हीवर बातम्या लागल्या की बातमी ऐकत नाहीत. बातम्या देणारीचे ओठ आणि आवाज जोडीनं चालतात का, तेवढं बघतात.

शर्टाच्या खिशात स्क्रू फिरवायचा छोटा पेचकस असतो. पुतणीच्या लग्नात फेट्याखालीही तोच शर्ट होता आणि तोच पेचकस.

आणि धनराजचं नाव निघालं की पत्रूभाऊ चष्मा शोधायला लागतात. चष्मा डोळ्यांवरच असतो.

पत्रूभाऊ वडशाच्या एका नाटक कंपनीत साऊंडवाले होते. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. आज एका गावचा शंकरपट, उद्या दुसऱ्या गावच्या मंडईची जत्रा. बैल पळाले की रात्री नाटक ठरलेलंच. कंपनीची नायिका अन्नपूर्णा होती आणि नायक धनराज. पत्रूभाऊ माईक टांगत, मशीन लावत, आणि पडदा वर गेला की चालत चालत प्रेक्षकांच्या मागे शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहत. शेवटच्या माणसाला ऐकू आलं तर नाटक झालं, असा त्यांचा हिशेब. त्या शेवटच्या ओळीतूनच त्यांनी अन्नपूर्णेला पाहिलं. पुढे तिच्याशी लग्न केलं.

पण लग्नाआधीची एक गोष्ट आहे.

रंगमंचावर दोनच माईक असत, वरून लटकणारे. ज्याला बोलायचं त्यानं माईकखाली जाऊन बोलायचं. इतर कंपन्यांत हे माईक जवळजवळ असत. पत्रूभाऊंनी ते एकमेकांपासून दूर टांगले. पुढच्या हंगामात आणखी दूर. प्रेमाचा प्रवेश आला की धनराज डाव्या टोकाला, अन्नपूर्णा उजव्या टोकाला. मधे दोन बैलगाड्या निघून जाव्यात एवढी जागा.

मालक म्हणाले, "काऊन गा पत्रू? हे नवराबायको होऊन राह्यले का वाटणीसाठी भांडून राह्यले?"

"जवळ आनले का माईक शिट्टी मारते जी," पत्रूभाऊ म्हणाले.

मालकांना आवाजातलं काही कळत नव्हतं. लोकांना मात्र ते आवडलं. काय मर्यादा आहे, म्हणाले. शेजारच्या दोन कंपन्यांनी तशीच पद्धत उचलली.

पत्रूभाऊ त्या नाटकांच्या कॅसेट भरत. डाव्या बाजूला डावा माईक, उजव्या बाजूला उजवा. दिवसा खोलीवर पडून ऐकायचे. टेपचं बॅलन्सचं बटण उजवीकडे पूर्ण फिरवायचे. मग एकटी अन्नपूर्णाच बोले.

लग्नानंतरही तिनं बरेच हंगाम धनराजबरोबर काम केलं. पत्रूभाऊंनी कधी काही विचारलं नाही. तिनं कधी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं की नव्हतं, हेही त्यांना माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात धनराज गेला. पत्रूभाऊंना वाईट वाटलं. हलकंही वाटलं. मेलेला माणूस आता म्हातारा होणार नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं स्पीकरमुळे.

मुलगा अजय सूरजागडच्या खाणीत नोकरीला. त्यानं चंद्रपुरात तुकूमला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईबाबांना तिथे आणलं. सुट्टीत घरी आलं की त्याला थिएटरसारखा पिक्चर बघायचा असतो. आईला गाणी लागतात. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "मोठे स्पीकर घ्या. पसंत बाबाच करतीन. बाबाहून कोनाले समजते?"

पत्रूभाऊ खूश झाले. पण दुसऱ्याच दिवशी अन्नपूर्णाबाईंनी ट्रंकेतल्या कॅसेट काढल्या आणि खालच्या मजल्यावरच्या दिव्यानीला दिल्या. दिव्यानी मराठीत एम.ए. झालेली. घरी बसून परीक्षांचा अभ्यास करते. तिनं चार दुपारी खर्चून सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. अन्नपूर्णाबाईंनी तो पेनड्राइव्ह बटव्यात ठेवला, वेलचीच्या डबीशेजारी. पत्रूभाऊंनी पाहिलं आणि चष्मा शोधला.

दुकानात धम्मदीप नावाचा मुलगा होता. त्यानं आधी टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी दाखवली.

"काकाजी, फ्लॅटमंदी एवढं पुरते. जागा खात नाई."

अन्नपूर्णाबाई पट्टीजवळ गेल्या, वाकून ऐकलं. "हा तं झोपून बोलून राह्यला," त्या म्हणाल्या.

मग त्यानं टेबलावर ठेवायची जोडी लावली.

"हा बसला. पन उठला नाई अजून."

धम्मदीप हसला. त्यानं कोपऱ्यातली उभी जोडी सुरू केली. काळी, छातीएवढी उंच. अन्नपूर्णाबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, जशा रंगमंचावर कुणाशेजारी उभं राहावं तशा. पदर सारखा केला. "हे मानसावानी हाये. आवाज तोंडाच्या उंचीवरून आला पायजे. पायाजवळून कोन बोलते?"

पत्रूभाऊंना खरं तर तेच हवे होते. त्यांनी स्पीकरच्या जाळीवर हात फिरवला, मागे वाकून हवेचं भोक आहे का ते पाहिलं. भोक मागे असतं तर भिंतीपासून बरंच पुढे ओढावं लागलं असतं, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये तेवढी जागा कुठून आणायची? याचं भोक पुढे होतं. भिंतीशी चालणार होतं. आवाज कमी ठेवला तरी ढोलकीचं अंग भरलेलं येत होतं. खाली रबराचे पाय होते, म्हणजे दिव्यानीच्या घरी छत धडधडणार नव्हतं. तिचे वडील ऊर्जानगरच्या वीज केंद्रात रात्रपाळीला जातात, दिवसा झोपतात. सगळं जुळत होतं.

"तुमच्या ऐकण्यातलं काही असन तं लावून पाहा," धम्मदीप म्हणाला.

अन्नपूर्णाबाईंनी बटवा उघडला.

पत्रूभाऊ तोवर सवयीनं दुकानाबाहेर पडले होते. रस्ता ओलांडून पलीकडे रसवंतीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटची ओळ. मधून ऑटो जात होते, एक बस थांबली होती. आणि त्या सगळ्यातून धनराज आला. तोच आवाज. तिशीतला. भरदार, थोडा ओला. एक अक्षर सांडलं नाही.

पत्रूभाऊ पासष्ट वर्षांचे आहेत. त्यांना दम लागतो. दाढेत पोकळी आहे, ‘स’ म्हणताना वारा जातो. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि काचेतून त्यांना दुकान दिसलं. अन्नपूर्णाबाई डाव्या स्पीकरकडे तोंड करून उभ्या होत्या. हसत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. घरात बसून एवढं लक्ष देऊन त्यांनी पत्रूभाऊंकडे कधी पाहिलं असेल, ते पत्रूभाऊंना आठवेना.

ते परत आले. "नाई जमत. आवाज फाटून राह्यला."

"फाटून?" धम्मदीप गोंधळला. "कुठी, काकाजी?"

"डावीकडं."

"डावा फाटला का उजवा, ते घरी जाऊन पाहू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बाबू, हेच दे."

खोकी आली. दुकानाचा माणूस जोडून द्यायला तयार होता. पत्रूभाऊंनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. "मी साऊंडवाला हावो. मले शिकवतं का?"

मग जागेवरून वाद झाला. पत्रूभाऊंनी एक स्पीकर गॅलरीच्या दाराशी नेला, दुसरा पार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात.

"इतके दूर? एकमेकाईशी बोलनं बंद आहे का त्याईचं?"

"जवळ ठेवले का..." पत्रूभाऊ बोलता बोलता थांबले.

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा ठेवला.

पत्रूभाऊंनी उजवा स्पीकर जोडला. डाव्याच्या मागे गेले. वायर पोहोचत होती. चांगली हातभर उरत होती. त्यांनी ती कोपरावर गुंडाळली, आठाच्या आकारात, आणि स्पीकरच्या डोक्यावर ठेवली. शेजारी पेचकस ठेवला.

"वायर कमी पडली," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "उद्या आनतो. तवरक एकच ऐका."

दिव्यानी चहाला वर आली होती. ती सोफ्यावर बसली. दुपारची वेळ. अन्नपूर्णाबाईंनी पेनड्राइव्ह लावला.

उजवीकडून तरुण अन्नपूर्णा बोलू लागली. गॅलरीच्या दाराशी जणू उभीच होती. म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलले. मग ती गप्प झाली. आता धनराजचं वाक्य होतं. डावीकडे काहीच नव्हतं. उजव्या माईकनं दुरून जेवढं पकडलं होतं तेवढंच, विहिरीतून कुणी हाक मारावी तसं, अक्षर न कळणारं.

पत्रूभाऊंना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मुक्या स्पीकरकडे बघत होती. उजवीकडे तिचा स्वतःचा आवाज होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती डावीकडची रिकामी जागा ऐकत होती, आणि ती जागा तिच्या डोक्यात धनराज भरून काढत होता, अगदी पूर्ण, अगदी स्वच्छ. कुठलीही वायर काढून तो तिथून निघणार नव्हता.

पुन्हा खंड आला. पत्रूभाऊंना राहवलं नाही.

"या उंबरठ्यावर तुझी वाट बघून माझ्या पायांना मुळं फुटली, सुमित्रा."

धनराजचं वाक्य ते सोफ्यावरून बोलले. माईक तपासताना बोलावं तसं, सपाट. ‘स’ला वारा गेला. दिव्यानीला ठसका लागला. अन्नपूर्णाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

उजवा स्पीकर थांबला नव्हता. "मग उपटा ती मुळं, आणि या. मी दार लावलेलं नाही."

पत्रूभाऊंनी पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. धनराज जिथे श्वास घ्यायचा तिथे श्वास घेतला. एका जागी त्या रात्री धनराज वाक्य विसरला होता आणि खोकला होता, तिथे पत्रूभाऊ खोकले. सगळं नाटक त्यांना पाठ होतं. शेवटच्या ओळीत उभं राहून किती हंगाम ऐकलेलं, एकदाही तोंडातून न काढलेलं.

दिव्यानीच्या कपातला चहा तसाच होता. ती पदवीसाठी नाटकं वाचून आली होती. नाटक असंही पाठ होतं, हे तिला माहीत नव्हतं.

अन्नपूर्णाबाई हसायच्या थांबल्या. त्यांची मान मुक्या स्पीकरवरून हळूहळू सोफ्याकडे वळली.

"इथी धनराज एक पाय पुढं टाके," त्या म्हणाल्या.

"टाके. अन् माईकच्या बाहेर जाय. म्हून तं आवाज बसे त्याचा."

"मायाकडं याले टाके तो."

पत्रूभाऊंचा हात चष्म्याकडे गेला. मग खाली आला. "मले माईत हाये."

"तुमाले माईत हाये हे मलेही माईत होतं. दुसऱ्या दिवशी तुमी माईक अजून हातभर दूर नेत होते."

"शिट्टी मारे तो."

"अवो, इतक्या वर्षांत एकदा तरी मारली का शिट्टी त्यानं?"

पत्रूभाऊंनी खिशातला पेचकस चाचपला. तो स्पीकरच्या डोक्यावर होता.

"मी एक पाय मागं घेत होती," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तो पुढं टाके तवा. तुमी माईककडं पाहत राहा, पायाकडं कोन पाहीन? शेवटच्या लायनीतून दिसे तरी का काही?"

स्पीकर चालूच होता. सुमित्रेचं, म्हणजे तरुण अन्नपूर्णेचं, वाक्य संपलं आणि पुन्हा रिकामी जागा आली. पत्रूभाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बसून काऊन बोलून राह्यले? उठा ना."

पत्रूभाऊ उठले. डाव्या स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मान वर करून त्यांनी छताकडे पाहिलं.

"माईक नाई तिथी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शनिवारी अजय आला. जेवण करून पिक्चर लावला. अर्ध्या तासानं म्हणाला, "बाबा, हिरो अर्धा गायब आहे. डावा कधी जोडता?"

"वायर आनाची हाये. उद्या आनतो."

अजय परत सूरजागडला गेला. पुढच्या सुट्टीत आला, पुन्हा तेच बोलणं झालं. अन्नपूर्णाबाई मधे पडत नाहीत.

पत्रूभाऊंनी एकदा जिन्यात दिव्यानीला थांबवून विचारलं, "तो मागून बारीक आवाज येते ना धनराजचा, उजवीकडून? तो कंप्युटरवर पुसता येते का?"

"येते, काकाजी. पुसू का?"

त्यांनी विचार केला. "राहू दे. मंग मले कसं समजन, कुठून सुरू करायचं?"

दुपारी कधीमधी चौथ्या मजल्यावरून दोन आवाज ऐकू येतात. एक पंचविशीतला, एक वारा जाणारा. दोन वाक्यांमध्ये अन्नपूर्णाबाईंच्या सूचना असतात: श्वास कुठे घ्यायचा, पाऊल कुठे टाकायचं. धनराज बरा घेत होता हे वाक्य, असं त्या अजूनही म्हणतात. मग नाटक मधेच थांबतं आणि पत्रूभाऊ बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहतात.

उजव्या स्पीकरवर धूळ नसते. डाव्याच्या डोक्यावर आहे. तिथे आठाच्या आकारात गुंडाळलेली वायर तशीच पडून आहे, शेजारी पेचकस.