हुकमाआधी नाव

ट्रॅक पँट घालून सासूबाईंसमोरून चालत जायचं, या विचारानेच मला आदल्या दिवसापासून घाम फुटला होता. वेल्ह्याच्या बाजूच्या एका कातळावर आमच्या ह्यांच्या मंडळाने नवशिक्यांसाठी चढाईचं शिबिर ठेवलं होतं. जोडीने या, असा आग्रह. हे म्हणाले, "ब्लाउज शिवून शिवून वाकलीस, चल जरा." आणि सासूबाई आपणहून टेम्पोत चढल्या. "पोरांना भाकऱ्या कोन करून घालंल?" असं म्हणाल्या खऱ्या, पण सून काय दिवे लावते ते त्यांना बघायचं होतं, हे मी ओळखून होते.

हार्नेस म्हणजे कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळायचे पट्टे. ते आवळले की जे जे आपण आयुष्यभर पदराखाली झाकतो, ते ते नीट उठून दिसतं. वर अंबाड्यामुळे हेल्मेट बसेना. सासूबाई चुलीपाशी बसून एकटक बघत होत्या. मी कुर्ता खाली ओढत होते आणि तो मेला पुन्हा वर सरकत होता.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने माझ्या हार्नेसला दोराची आठाच्या आकड्यासारखी गाठ मारली. दोर माझ्यापासून वर कातळाच्या माथ्यावर जाऊन, तिथल्या कड्यांमधून फिरून खाली ह्यांच्या हातात आलेला. झडपेचं जे कडं असतं ते कॅराबिनर. त्याचा स्क्रू फिरवून बंद केला की नाही, ते दोनदा बघायचं. खालच्याने दोर धरून वरच्याला सांभाळायचं, याला बिले म्हणतात. दोर सैल हवा असेल तर 'स्लॅक' ओरडायचं, ताणून हवा असेल तर 'टेक'.

"पण काकू, आधी नाव. शेजारीच दुसरा दोर आहे, नुसता हुकूम दिला तर तो कुणाला, ते खाली कळत नाही. आधी काकांचं नाव, मग टेक."

मी हसले. तिला वाटलं, मला पटलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर सासूबाईंच्या कानावर पडेल असं ह्यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही. आमच्या उत्रोलीत अजून बऱ्याच जणी घेत नाहीत. शेजारच्या दोरावरची पुण्याची बाई मात्र, भाजीवाल्याला थांबवावं तशी नवऱ्याला नावाने हाका मारत होती. मला तिचा रागही आला आणि हेवाही वाटला.

निम्म्या उंचीवर कातळ पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. तिथे माझा पाय शिलाई मशीनच्या पायडलसारखा थडथडायला लागला. दोर समोर सैल लोंबत होता. नाव अगदी ओठांपर्यंत आलं. खाली पाहिलं, तर सासूबाई कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडेच बघत होत्या. मी "अहो" म्हटलं, ते वाऱ्यावर गेलं. मग नुसतंच ओरडले, "टेक!"

शेजारचा नवराही नवखाच. त्याने लगबगीने आपला दोर ताणला आणि त्याची बायको किंचाळली. सगळे तिकडे बघायला लागले, हेसुद्धा. तेवढ्यात माझा हात सुटला.

फार नाही पडले. दोराने मला धरलं, पण त्या हिसक्याने हे कातळावर आपटले. मी खाली आले तेव्हा ह्यांचं कोपर सोललेलं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. "काही नाही गं," म्हणून हसत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज माझी आणि रक्त ह्यांचं.

सासूबाई पिठाच्या हातांनीच आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"नाव का न्हाई घेतलंस?"

"तुम्ही होतात ना."

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "तुज्या सासऱ्याचा पाय कशानं अधू झाला, ठावं हाय का? बैल बिथरून मागनं आला. म्या बांधावरनं नुसती अवो, अवो करत ऱ्हायले. वावरात चार जणींचे नवरे व्हते. कुनाचा अवो, त्यास्नी काय कळावं?" माझा पीळ पडलेला पट्टा त्यांनी स्वतः सारखा केला. "जा वर. घे नाव. म्या हितंच बसते."

कोपराला रुमाल बांधून हे पुन्हा दोर धरून उभे राहिले. त्याच जागी पोचल्यावर मी नाव घेतलं, मोठ्याने. 'टेक' म्हणायच्या आतच दोर ताणला गेला. खाली सगळ्यांनी लग्नघरासारखा गलका केला. खाली उतरले तरी माझे कान तापलेलेच होते.

परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळे पेंगत होते. सासूबाई माझ्या शेजारी होत्या.

"लई मोट्यानं घ्यावं लागतं का गं?"

"ऐकू जाईल इतकं."

त्यांनी तोंड बाहेर खाचरांकडे वळवलं आणि मामंजींचं नाव घेतलं. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. इतकी लाज मला कातळावरही वाटली नव्हती.