कुंकवाचं पान

माझे सासरे पार्ल्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात. यांनी युरोपातल्या सर्ब लोकांचे जुने छापखाने डोक्यात घेतले. त्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं आणि मुलाच्या मागे लागले, 'छाप.' माझ्या नवऱ्याचा मरोळला छापखाना होता, अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवून छापायचा. पण ऐंशीच्या दशकात जो तो बिनखिळ्यांच्या ऑफसेट छपाईकडे वळत होता, आम्हीही वळणार होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला सगळे खिळे उचलणार, असं ठरलं होतं. त्याआधी पुस्तक झालं तर झालं.

प्रुफं मी वाचायची. तिकडे तुर्कांचं राज्य आलेलं, तरी ख्रिस्ती मठातले साधू आपले छापायला बसलेले. एका मठात धातूचे खिळे मिळेनात, तर त्यांनी लाकडाची अक्षरं कोरली. वाचता वाचता मला त्या साधूंचा लळाच लागला. सासऱ्यांचा हट्ट एकच: साधूंच्या पुस्तकांसारखी आपलीही थोडी अक्षरं लाल हवीत. नवरा म्हणाला, "दादा, लाल शाईसाठी पान पुन्हा मशीनवर चढवावं लागतं. वेळ कुठाय? काळ्यात भागवा ना." सासरे प्रुफं तिथेच टाकून उठून गेले. ते असे उठून गेले की आमच्याकडे कुणाला जेवण जात नाही.

खंडेनवमीला शेवटच्या पानाचे खिळे जुळवून तयार होते. त्या दिवशी मशीन बंद, अवजारांची पूजा. सासऱ्यांनी मशीनला झेंडू वाहिला आणि मग ओल्या कुंकवाची बोटं त्या जुळवलेल्या पानावर अगदी मनसोक्त फिरवली.

दसऱ्याला दुपारी छापायला घेतलं, तर पहिल्या कागदांवर जागोजागी लाल. नवऱ्याचा पारा चढला. "वाट लावलीत, दादा. छापखानेवाल्याचे वडील ना तुम्ही?" तो रॉकेलची चिंधी घेऊन खिळे पुसत बसला. सासरे मात्र बिघडलेले कागद खिडकीपाशी धरून बघत होते. काळ्या ओळीत मधेच एखादं अक्षर लाल. "बघ गं, जमलं की," मला म्हणाले. इतके खूश ते आमच्या लग्नातही नव्हते.

पुस्तक झालं. दुसऱ्या दिवशी खिळे गोण्यांत भरून गेले. तिकडच्या एका छापखान्याचे खिळे पुढे वितळवून बंदुकीच्या गोळ्या केल्या म्हणतात, असं सासऱ्यांनी पुस्तकात लिहिलं होतं. आमच्या खिळ्यांचं काय होणार, ते कुणी विचारलं नाही.

टेम्पो वळेपर्यंत नवरा दारात उभा होता. आत येऊन खिळ्यांच्या रिकाम्या खणांवरून हात फिरवत राहिला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "दादा, त्या लाल कागदांतला एक मला द्याल?"

सासऱ्यांनी झब्ब्याच्या खिशातून घडी काढली. "तुझा कालच वेगळा ठेवलाय," म्हणाले.